रग्बीची नवी क्लब स्पर्धा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मराठवाड्यातील रग्बी खेळाडू, त्यांचे प्रशिक्षक आणि या खेळाचे शौकीन यांच्यात सध्या एका नव्या स्पर्धेचा प्रस्ताव चर्चेत आहे. आठ जिल्ह्यांचे आठ संघ निवडावेत, त्यांना आकर्षक नावे द्यावीत आणि डिसेंबरमध्ये छत्रपती संभाजीनगरात आठवडाभराची बाद फेरी भरवावी, असे त्याचे मूळ स्वरूप आहे. मागील अंकात आम्ही ही माहिती छापली, अशा बाद फेरीऐवजी स्थानिक क्लबांची साखळी स्पर्धा व्हावी असे सुचवले आणि त्यावर वाचकांचे मत मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली आणि प्रथमच घराघरांत लोकांनी हा खेळ पाहिला. तिच्याच धर्तीवर मराठवाड्याची छोटी लीग झाली तर काय बिघडले? क्लबांची महिनोन्‌महिने चालणारी साखळी पाहायला कोण येणार?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलातील ते सामने मीही आवडीने पाहिले. सहा संघांच्या त्या लीगमध्ये चेन्नईचा संघ विजयी झाला आणि आपल्या खेळाडूंना जगातील नामवंत खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळता आले, ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु अशी लीग तयार खेळाडू उचलते, ती खेळाडू घडवत नाही. भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या वसतिगृहातील आदिवासी मुलांनी २००७ मध्ये लंडनला जाऊन चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धा जिंकली. कोलकात्याचा जंगल क्रोज क्लब २००४ पासून वस्त्यांतील मुलांना मैदानावर आणतो आहे, आणि मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पावसाळाभर खेळ चालतो. खेळाडू अशा ठिकाणी घडतात, कारण तेथे सरावाला संघ असतो आणि समोर प्रतिस्पर्धीही असतो.

आता आपल्या प्रस्तावाचा हिशेब करून पाहा. आठ संघांच्या बाद फेरीत एकूण सात सामने होतात आणि चार संघ पहिलाच सामना खेळून परत जातात. सातजणांच्या रग्बीचा सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा असतो. म्हणजे हिंगोलीचा किंवा धाराशिवचा मुलगा वर्षभर पहाटे उठून सराव करणार आणि वर्षातून चौदा मिनिटे खेळून एसटीने घरी येणार. त्याच आठ संघांनी एकमेकांशी एकेकदा साखळी सामने खेळले, तर एकूण अठ्ठावीस सामने होतील आणि प्रत्येक संघाच्या वाट्याला सात येतील. माझा सगळा आग्रह या एवढ्याच फरकासाठी आहे.

पाहायला कोण येणार, हा आपला प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्यावर ऑस्ट्रेलियाचा अनुभव सांगण्यासारखा आहे. तेथे २००७ मध्ये आठ नव्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली गेली आणि तोट्यामुळे ती एकाच हंगामात गुंडाळावी लागली. २०१४ मध्ये नऊ संघांची दुसरी स्पर्धा सुरू झाली, तीही २०१९ च्या हंगामानंतर थांबली. त्याच देशात सिडनीच्या क्लबांची शूट शील्ड स्पर्धा १९२३ पासून चालू आहे. नव्या संघांत खेळाडू चांगले होते, पण माझा संघ म्हणावे असे प्रेक्षकांपाशी काही नव्हते. ज्या मैदानावर आपला भाऊ खेळला आणि ज्या क्लबाच्या खोलीत आपण चहा प्यायलो, त्या संघासाठी माणूस उन्हात उभा राहतो. केवळ नव्या नावासाठी आणि नव्या रंगाच्या जर्सीसाठी तो उभा राहत नाही.

प्रश्न : डिसेंबरमध्ये हवा थंड असते, मैदाने कोरडी असतात, म्हणून तो महिना निवडला आहे असे कळते. आमच्याकडील खेळाडूंना मात्र तो महिना जमणार नाही. आमचे म्हणणे कोणी ऐकून घेईल का?
(क्रीडाशिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : आलेल्या सगळ्या पत्रांत आपले पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. बीड जिल्ह्याच्या कित्येक गावांतील कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात आणि कारखान्यांचे पट्टे पडल्यावरच, म्हणजे गाळप संपल्यावरच, गावी परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पुष्कळदा हाताशी लागतो, आणि धाकटी भावंडे व जनावरे सांभाळायला मुलगी लागते. ज्या मुलामुलींच्या अंगात मुळातच काटकपणा आहे, तीच डिसेंबरमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतील. तेव्हा भरवलेल्या स्पर्धेला बीडचा संघ येईल, पण त्यात बीडची निम्मी ताकद नसेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्या उन्हात दुपारी मैदानावर कोणाला उभे करणे हाच गुन्हा होईल.

म्हणून हंगाम जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पेरण्या उरकलेल्या असतात, सोयाबीनची काढणी अजून दूर असते आणि मुले गावात असतात. शनिवार-रविवार सामने ठेवून पोळ्याचा आणि गणेश विसर्जनाचा आठवडा वगळला, तरी सात फेऱ्या सहज बसतात. अंतिम सामना १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी ठेवावा, असे दोन पत्रलेखकांनी सुचवले आहे. त्यामागची भावना मला समजते, पण त्या दिवशी शाळा-महाविद्यालयांची मैदाने आणि शिक्षक ध्वजारोहणाच्या कार्यक्रमात गुंतलेले असतात. त्यानंतरचा रविवार सोयीचा ठरेल.

पावसाळा म्हटले की चिखलाचा प्रश्न आलाच. काळ्या जमिनीवर दोन सरी पडल्या, तरी बुटांच्या खिळ्यांत मातीचे लोंदे अडकतात आणि पाय उचलत नाही. उन्हाळ्यात त्याच जमिनीला भेगा पडतात. मी एका तालुक्याच्या गावी मे महिन्यात सराव पाहिला होता. सराव सुरू होण्यापूर्वी मुले घमेल्यातून मुरूम आणून भेगांत भरत होती, कारण आदल्या आठवड्यात एकाचा घोटा त्यात अडकून मुरगळला होता. भेगेत माझी दोन बोटे आडवी गेली. पकड करून खाली पडण्याच्या खेळाला ही जमीन कोणत्याच ऋतूत योग्य नाही. मैदान निवडायचे ते गावाबाहेरच्या माळावरचे, मुरमाड, पाणी न धरणारे. जूनमध्येच त्यावरचे दगड-गोटे वेचून घ्यावेत, वर बोटभर माती पसरावी आणि हरळी लावावी. शेतकरी ज्या हरळीला वैतागून बांधावर उपटून टाकतो, तिचेच गवत खेळाच्या मैदानाला उत्तम असते. ती विकत घ्यावी लागत नाही आणि पाऊस लागला की महिनाभरात जाळे धरते. गोलखांब लोखंडी पाइपचे करता येतात. दोन खांबांत ५.६ मीटर अंतर आणि जमिनीपासून ३ मीटरवर आडवा दांडा, एवढे माप पाळावे आणि खांबांना माणसाच्या उंचीपर्यंत जुन्या गाद्या घट्ट बांधाव्यात.

प्रश्न : हिंगोलीत पुरेसे खेळाडू नाहीत म्हणून परभणी आणि हिंगोली यांचा एकच संघ करावा, असे सुचवले जात आहे. १ मे १९९९ पर्यंत आपण एकच जिल्हा होतो, असेही सांगितले जाते. आपले मत काय?
(माजी खेळाडू, हिंगोली)

उत्तर : असा संघ करू नये. २००३ मध्ये वेल्सने आपले जुने क्लब एकत्र करून पाच प्रादेशिक संघ उभे केले. त्यांपैकी पॉन्टिप्रिड आणि ब्रिजएंड या दोन जुन्या प्रतिस्पर्धी गावांचा मिळून केलेला सेल्टिक वॉरियर्स हा संघ २००४ मध्येच, एका हंगामात, विसर्जित झाला. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांविरुद्ध ओरडणारे लोक एका सहीने एकाच बाजूला बसत नाहीत. आपल्याकडे तेवढे जुने वैर नाही, हे खरे, पण सराव कोठे करायचा या पहिल्याच प्रश्नावर गाडी अडेल. सराव परभणीला झाला तर हिंगोलीची मुले दोन महिन्यांत गळतील.

त्याऐवजी मुळात जिल्ह्याला एक संघ ही अटच काढून टाकावी. जेथे मैदान आहे आणि आठवड्यातून किमान दोनदा सराव होतो, तो क्लब, एवढीच व्याख्या पुरे. मग एखाद्या जिल्ह्यातून तीन क्लब येतील, एखाद्यातून एकही येणार नाही, आणि वसमतचा क्लब हिंगोली शहराच्या आधी उभा राहिला तर त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. साखळीचेही दोन गट करता येतील. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी आणि नांदेड एकाच रेल्वेमार्गावर आहेत, त्यांचा आणि आसपासच्या क्लबांचा एक गट, तर लातूर, धाराशिव, बीडकडच्या क्लबांचा दुसरा. सकाळी निघून सामना खेळून रात्री घरी परतता आले पाहिजे, कारण मुक्कामाचा खर्च लहान क्लबाला पेलवत नाही.

प्रश्न : मी वीस वर्षे कबड्डी शिकवतो आहे. माझी मुले पकडीत तरबेज आहेत. त्यांना थेट रग्बीत उतरवले तर चालेल का?
(कबड्डी प्रशिक्षक, परभणी)

उत्तर : चालेल, पण थेट नको. सहा आठवडे द्या. आपल्या मुलांकडे जे आहे ते रग्बीच्या प्रशिक्षकाला वर्षभर शिकवावे लागते: खाली वाकून भिडण्याची सवय, समोरच्याचा तोल ओळखणे आणि अंगावर येणाऱ्या माणसाची भीती नसणे. परंतु कबड्डीच्या तीन सवयी रग्बीत धोक्याच्या आहेत आणि त्या मोडल्याशिवाय सामन्यात उतरवणे योग्य नव्हे.

पहिली धडकेची. चढाई करणाऱ्याला खांद्याने धडक देऊन बाहेर फेकणे कबड्डीत कौशल्य मानले जाते. रग्बीत हातांची मिठी न घालता नुसत्या खांद्याने मारलेली धडक नियमबाह्य आहे, आणि पकड खांद्याच्या रेषेच्या वर गेली तर पिवळे किंवा लाल कार्ड मिळू शकते. दुसरी सवय डोक्याच्या जागेची. मांडीला मिठी घालताना डोके पळणाऱ्याच्या समोर गेले, तर त्याचा गुडघा थेट कानशिलावर बसतो. डोके नेहमी त्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या कमरेखाली टेकलेला, हे चटईवर गुडघ्यांवर बसून, मग चालत आणि शेवटी पळत, अशा क्रमाने शेकडो वेळा घोटून घ्यावे लागते.

तिसरी सवय सोडायला मला सर्वांत कठीण वाटते. कबड्डीपटूला एकच गोष्ट शिकवलेली असते: धरले की सोडायचे नाही, समोरच्याचा दम तुटेपर्यंत किंवा शिट्टी होईपर्यंत. रग्बीत मात्र माणूस खाली पडताच पकड करणाऱ्याने त्याला ताबडतोब सोडावे लागते आणि पडलेल्याने चेंडू सोडावा लागतो. मी एका चांगल्या कोपरारक्षकाला पाहिले आहे. त्याची पकड निर्दोष होती, पण पंचाची शिट्टी होईपर्यंत त्याच्या हातांची गाठ काही सुटेना, आणि एका डावात त्याच्यामुळे चार वेळा दंड मिळाला. शेवटी त्याच्या प्रशिक्षकाने सरावात पकड झाली की जमिनीवर तळहात आपटायचा, असा नियम घातला. हात आपटायचा म्हणजे गाठ सोडावीच लागते. पंधरा दिवसांत सवय बदलली. हा उपाय आपणही करून पाहावा.

प्रश्न : स्पर्धा सातजणांची असावी की पंधराजणांची?
(महाविद्यालयीन खेळाडू, लातूर)

उत्तर : २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये सातजणांचा खेळ आहे, म्हणून सगळीकडे तोच खेळवावा, असा कल दिसतो. त्यात मला एक उणीव जाणवते. सातजणांत वेगवान आणि हलक्या मुलांनाच जागा मिळते, आणि तालमीत कसलेला नव्वद किलोचा मुलगा बाहेर बसतो. पंधराजणांचा संघ बाळगायचा तर राखीव खेळाडू धरून तेवीसजण हवेत, ते आज कोणत्याच क्लबाला शक्य नाही. दहाजणांच्या रग्बीत स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी एकमेकांना रेटतात त्या जुळणीत, प्रत्येकी पाचजण असतात, सामना दहा-दहा मिनिटांचा असतो आणि धिप्पाड मुलालाही काम मिळते. पुरुषांसाठी दहा आणि महिलांसाठी पहिल्या वर्षी सात, असे ठेवावे. एकोणीस वर्षांखालील सामन्यांत स्क्रम दीड मीटरपेक्षा अधिक ढकलायचा नाही, हा नियम पंचांनी कसोशीने पाळावा.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी रग्बी खेळायचे म्हणते. घरचे विरोधात आहेत. मुलींना या खेळात काही भवितव्य आहे का, आणि डोक्याला मार लागण्याचे काय?
(एक आई, धाराशिव)

उत्तर : भारताच्या महिला संघाने पंधराजणांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ मध्ये सिंगापूर येथे खेळला, तेव्हा संघाची कर्णधार पुण्याची वाहबिझ भरुचा होती. पुढच्याच वर्षी मनिला येथे या संघाने सिंगापूरला २१-१९ असे हरवून पहिला विजय मिळवला. घरच्यांना हे अवश्य सांगा, कारण बहुतेकांना ते ठाऊकच नसते.

दुखापतीची आपली काळजी मात्र रास्त आहे आणि तिला गोड बोलून बगल देणार नाही. डोक्याला मार लागणे हा या खेळाचा खरा धोका आहे. म्हणून मुलीला पाठवण्यापूर्वी प्रशिक्षकाला तीन गोष्टी विचारा. पहिल्या वर्षी टॅग रग्बी खेळवतात का? त्यात कमरेची पट्टी ओढून घ्यायची असते, पकड करायची नसते. सामन्यात दातांसाठी माउथगार्ड सक्तीचा आहे का? आणि मार लागल्यावर मुलगी गोंधळलेली दिसली, उलटी झाली, डोके दुखू लागले किंवा गुण किती झाले हे तिला आठवेना, तर काय करता? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एकच असले पाहिजे: नुसती शंका आली तरी तिला लगेच बाहेर घेतो, त्या दिवशी परत उतरवत नाही, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सरावही नाही. ‘थोडे पाणी मारले की ठीक होते’ असे कोणी म्हणाले, तर मुलीला तेथून घेऊन या. डोक्यावर घालायची मऊ टोपी कान आणि कातडी वाचवते, मेंदूला बसणारा हादरा ती थांबवत नाही.

प्रस्तावित स्पर्धेच्या आयोजकांनाही येथेच सांगतो की, १०८ क्रमांकावर फोन करता येतो म्हणून वाहन ठेवले नाही, हे चालणार नाही. सामना सुरू होण्यापूर्वी मैदानाच्या कडेला चालकासह एक गाडी उभी असावी आणि सर्वांत जवळच्या शासकीय रुग्णालयाचा रस्ता दोन्ही संघांच्या व्यवस्थापकांना माहीत असावा.

प्रश्न : एक व्यावसायिक आमच्या क्लबाला मोठी रक्कम द्यायला तयार आहेत, पण बाहेरून खेळाडू आणावेत अशी त्यांची अट आहे. रक्कम घ्यावी का?
(क्लबाचे सचिव, नांदेड)

उत्तर : त्यांच्या पैशातून मैदान, चेंडू, प्रवास आणि प्रथमोपचाराचे साहित्य घेता येत असेल तर अवश्य घ्या, खेळाडू आणण्यासाठी मात्र घेऊ नका. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतील वूस्टर आणि वॉस्प्स हे क्लब २०२२ मध्ये आणि लंडन आयरिश २०२३ मध्ये आर्थिक अडचणींनी बुडाले. तेरा क्लबांची श्रेणी दहावर आली. वॉस्प्स १८६७ मध्ये स्थापन झालेला क्लब होता. उत्पन्नापेक्षा अधिक खर्च दुसऱ्याच्या खिशावर चालवला, की तो खिसा बंद होताच दीडशे वर्षांचा इतिहासही उपयोगी पडत नाही. स्पर्धेच्या नियमांतच एक ओळ घालावी: संघातील निदान तीन चतुर्थांश खेळाडू त्याच तालुक्यात राहणारे किंवा शिकणारे असावेत.

प्रश्न : साखळी स्पर्धेला पहिल्या वर्षी पुरेसे क्लब मिळाले नाहीत तर? तोपर्यंत वाट पाहत बसायचे का?
(रग्बीचे शौकीन, जालना)

उत्तर : वाट पाहू नका. न्यूझीलंडमध्ये १९०४ पासून रॅनफर्ली शील्डचे सामने चालत आले आहेत. ती एक लाकडी ढाल आहे. ज्या प्रांताकडे ती असेल, त्याला दुसऱ्याने त्याच्याच मैदानावर जाऊन आव्हान द्यायचे आणि जिंकल्यास ढाल घेऊन यायची. ती मुळात फुटबॉलसाठी घडवलेली होती, नंतर तिच्यावरचे कोरीवकाम बदलून रग्बीचे केले गेले, यावरून सुरुवात किती साधी होती ते लक्षात येईल. अशा आव्हानाला आठ संघ लागत नाहीत, दोन पुरतात. जत्रेतल्या फडात मल्लाला आव्हान देण्याची रीत आपल्याकडे आहेच, त्यामुळे हे लोकांना समजावून सांगावेही लागणार नाही.

जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्यात साठेक किलोमीटरचे अंतर आहे. येत्या जुलैत या दोन ठिकाणच्या क्लबांनी पहिला सामना खेळावा, सागवानाच्या फळीची एक ढाल गावच्या सुताराकडून करून घ्यावी आणि मागच्या बाजूला प्रत्येक सामन्याची तारीख, ठिकाण व गुण रंगाने लिहीत जावे. परभणीचे कबड्डी प्रशिक्षक सहा आठवड्यांनी तयार होतील, तेव्हा तिसरे आव्हान त्यांचे असेल. मुलांना घेऊन कोठे जायचे, हे त्यांना त्या ढालीच्या मागे पाहून कळेल.